मोठे टॉवर स्पीकर घेताना: आवाज कसा पारखायचा आणि भाव कसा ठरवायचा

मित्रमंडळींत कुणी मोठे स्पीकर घ्यायला निघालं की विचारणा ठरलेली असते: "अमुक कंपनीची जोडी इतक्याला मिळतेय, घेऊ का?" नुसतं मॉडेलचं नाव ऐकून याचं उत्तर देता येत नाही. तुमची खोली केवढी आहे, तीच जोडी आज कोणत्या अवस्थेत आहे आणि तुमच्या कानाला ती कशी वाटते, हे तिन्ही कळल्यावरच भावाबद्दल बोलता येतं. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. आधी भाव ठरतो, इसार जातो आणि घरी आल्यावर आवाज घुमतोय असं लक्षात येतं. म्हणून हे टिपण त्याच क्रमाने लिहिलं आहे: खोली, कागद, खोकं, कान आणि शेवटी पैसे.

इथे फक्त जमिनीवर उभे राहणाऱ्या, तीन-साडेतीन फूट किंवा त्याहून उंच, वेगळा अँप्लिफायर लागणाऱ्या स्पीकरच्या जोडीबद्दल लिहितोय. साऊंडबार आणि होम थिएटरचे संच यांत धरलेले नाहीत. नवी जोडी घेणाऱ्यांनी तिसरी पायरी वरवर वाचली तरी चालेल. जुनी घेणाऱ्यांनी मात्र तिथेच जास्त थांबावं.

सोबत काय न्यायचं

- मोजपट्टी आणि चांगल्या उजेडाची टॉर्च
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- दीड व्होल्टचा सेल आणि वायरचे दोन तुकडे
- फोनमध्ये तुमची रोजची पाच-सहा गाणी, सीडीच्या दर्जाची किंवा फ्लॅक (दर्जा न घटवता आवळलेल्या फाईलच्या) स्वरूपात
- पिंक नॉईजची (खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या मिळून होणाऱ्या 'श्श' आवाजाची) फाईल आणि २० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा स्वीप (दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात)
- आवाजाची पातळी दाखवणारं अ‍ॅप. आयफोनवर अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेचं मोफत अ‍ॅप आहे. अँड्रॉइडवर कुठलंही चालेल, कारण आपल्याला फक्त तुलना करायची आहे.
- फोन अँपला जोडायची केबल. ब्लूटूथवर परीक्षा घेऊ नका.
- शक्य असेल तर स्वतःचा अँप्लिफायर

कागद: नव्या जोडीसाठी मॉडेल आणि दोन्ही सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल, आणि विक्रेत्याचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड. जुन्या जोडीसाठी मूळ बिल असेल तर उत्तमच. ते नसेल तर विकणाऱ्याकडून तारीख, सिरियल नंबर आणि रक्कम लिहिलेली सही केलेली पावती घ्या.

१. आधी खोली मोजा

प्रत्येक खोलीत खालच्या पट्टीतले काही स्वर फुगतात आणि काही गायब होतात. कोणते, ते मोजपट्टीवरून काढता येतं. ३४३ या आकड्याला (हवेतला ध्वनीचा वेग, मीटर दर सेकंद) खोलीच्या मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने भागा. १५ फुटी भिंत म्हणजे ४.५७ मीटर, तिथे उत्तर साधारण ३७.५ हर्ट्झ येतं. १० फुटी भिंतीसाठी ते ५६ हर्ट्झच्या आसपास येतं. म्हणजे १० बाय १५ च्या हॉलमध्ये हे दोन स्वर बसायच्या जागेनुसार कुठे ढमढमतील तर कुठे ऐकूच येणार नाहीत. खोली १० बाय १० असेल तर दोन्ही दिशांची उत्तरं एकाच आकड्यावर येऊन पडतात आणि घुमणं दुप्पट जाणवतं. चौरस बेडरूममध्ये दहा इंची वूफरचे (खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरचे) टॉवर ठेवायचा हट्ट मी तरी कुणाला करू देत नाही.

मोजून वहीत लिहून ठेवा: स्पीकरच्या मागे भिंतीपर्यंत किती जागा सुटेल, दोन स्पीकरमध्ये किती अंतर पडेल, आणि तुम्ही बसाल ती जागा किती लांब आहे. मागे दीड-दोन फूट सोडता येत नसतील तर मागच्या बाजूला पोर्ट (हवेचं भोक) असलेले स्पीकर टाळा. पोर्ट पुढे असलेले किंवा पूर्ण बंद खोक्याचे बघा. बसायची जागा सात फुटांपेक्षा जवळ असेल तर तीन-चार ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या गोल भागांच्या) मोठ्या टॉवरचा आवाज एकजीव होत नाही, वूफर वेगळा आणि ट्वीटर (वरचे स्वर काढणारा छोटा ड्रायव्हर) वेगळा ऐकू येतो. अशा घरात स्टँडवरचे चांगले बुकशेल्फ स्पीकर जास्त सुख देतील आणि पैसेही वाचतील.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. बऱ्याच घरांत गाणं गादीवर किंवा सतरंजीवर बसून ऐकतात. टॉवरचा ट्वीटर साधारण खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे ९० ते १०० सेंटिमीटरवर असतो. जमिनीवर बसल्यावर कान त्याच्या बराच खाली येतो आणि आवाज मंद, झाकलेला वाटतो. तुम्ही जसे घरी बसता तसंच दुकानातही बसून ऐका. दुकानदाराला क्षणभर चमत्कारिक वाटेल, वाटू द्या.

२. कागदावरचे आकडे वाचा

पीएमपीओ हा शब्द खोक्यावर दिसला तर तो आकडा विसरून जा. त्याला कुठलंच प्रमाण नाही. आरएमएस किंवा सलग पेलायची पॉवर तेवढी बघा, आणि तीसुद्धा 'स्पीकर किती मोठा वाजतो' याचं माप म्हणून धरू नका. स्पीकर जळण्याआधी किती सोसेल, एवढंच ती सांगते.

सेन्सिटिव्हिटी हा खरा कामाचा आकडा. एक मीटरवर, २.८३ व्होल्ट दिल्यावर किती डेसिबल आवाज येतो ते यातून कळतं. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट. ४ ओहमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा कागदावर ३ डेसिबलने फुगलेला असतो. तुलना करताना तेवढे वजा करा.

आता हिशेब. समजा सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे आणि तुम्ही तीन मीटरवर बसता. अंतरामुळे सहा-सात डेसिबल जातात आणि दुसऱ्या स्पीकरमुळे तीन परत मिळतात, म्हणजे एका वॉटला कानाशी ८३ च्या आसपास. घरात निवांत ऐकताना सरासरी ७५ पुरतात, पण तबल्याच्या एखाद्या थापेला किंवा ऑर्केस्ट्राच्या उसळीला क्षणभर ९५ लागतात. ८३ वरून ९५ म्हणजे १२ डेसिबल वर, आणि दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट होते. दोन, चार, आठ, सोळा. म्हणजे प्रत्येक स्पीकरला सोळा वॉट. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला दर चॅनेलला चांगले ४०-५० वॉट पुरून उरतात. '३०० वॉट पाहिजेतच' असं सांगणाऱ्याला हा हिशेब मांडायला सांगा.

इम्पीडन्स (स्पीकर विजेला करतो तो विरोध) ४ ओहम लिहिलेला असेल तर तुमचा अँप ४ ओहम पेलतो का, हे अँपच्या मागच्या पाटीवर वाचा. स्वस्त एव्ही रिसीव्हर (टीव्ही-सिनेमासाठीचे अँप) इथे तापतात.

फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (स्पीकर कुठपासून कुठपर्यंतचे स्वर काढतो ते) नुसता '३० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असा लिहिला असेल तर त्यातून काहीच कळत नाही. पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असं काही हवं. आणि खालचे ३० हर्ट्झ तुम्हाला खरोखर लागतात का, हेही बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या तानपुऱ्यातला खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. डबल बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, जुनी सिनेमाची गाणी हेच तुमचं ऐकणं असेल तर खऱ्या अर्थाने ४५ हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर पुरतो. त्याखालच्या प्रत्येक स्वराला भरपूर पैसे मोजावे लागतात, आणि ते मधल्या पट्टीच्या शुद्धतेवर खर्च केलेले बरे.

३. जुनी जोडी असेल तर खोकं आणि ड्रायव्हर तपासा

पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुरुस्ती करणारे अजून आहेत, म्हणून जुनी जोडी घ्यायला हरकत नाही. कोकणात आणि मुंबईत आखातातून आणलेल्या जोड्या अजून घराघरांतून निघतात, त्यांतल्या काही खूप चांगल्या असतात. पण पाहणी अशी करायची:

*पुढची जाळी काढा.* विकणारा 'जाळी निघत नाही' म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

*वूफरचा कडेचा पट्टा बघा.* कोनाला (वूफरच्या हलणाऱ्या, शंकूसारख्या पडद्याला) बाहेरच्या चौकटीशी जोडणारा मऊ गोल पट्टा म्हणजे सराऊंड. तो रबराचा, कापडाचा किंवा फोमचा असतो. रबर आणि कापड वर्षानुवर्षं टिकतं. फोम मात्र दहा-वीस वर्षांत आतून कुजतो, दमट हवेत आणखी लवकर. दिसायला अखंड असतो आणि हलकं बोट लावलं की भुगा होऊन खाली पडतो, बोटाला काळपट चिकट डाग राहतो. पट्टा बदलता येतो, ते काम नेहमीचं आहे. म्हणून तेवढ्यासाठी जोडी नाकारू नका, पण तो खर्च भावातून वळता करा. आधीच बदललेला असेल तर दोन्ही वूफरचा एकदमच बदललाय का, गोंद बाहेर ओघळलाय का आणि पट्टा दोन्हीकडे सारखाच मऊ आहे का, ते बघा. चुकीच्या कडकपणाचा पट्टा बसवला तर खालचा आवाज बदलतो.

*कोन दाबून बघा.* विकणाऱ्याला विचारून, दोन्ही हातांची बोटं कोनावर मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर ठेवा आणि अगदी हळू, सरळ आत दाबा. कान जवळ न्या. खरखर किंवा घासल्यासारखं जाणवलं तर आतली व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) एकतर सरकलीय किंवा भाजलीय. पट्टा बदलण्यापेक्षा हे काम मोठं आहे. पूर्ण बंद खोक्याच्या स्पीकरला दोन वूफर असतील तर एक आत ढकलल्यावर दुसरा बाहेर यायला हवा. तो आलाच नाही किंवा आल्याबरोबर परत गेला, तर खोक्यातून हवा गळतेय.

*ट्वीटरला हात लावू नका,* फक्त टॉर्चने बघा. लहान मुलांनी बोटाने आत ढकललेले कापडी डोम (ट्वीटरचा घुमटासारखा मधला भाग) बऱ्याच घरांत दिसतात, आणि ते कधीकधी बाहेर काढता येतात. धातूचा डोम चेपला की तो गेलाच. १९७४ साली आलेल्या यामाहा एनएस-१०००एम सारख्या मॉडेलमध्ये ट्वीटर आणि मिडरेंजचे (मधल्या स्वरांच्या ड्रायव्हरचे) डोम बेरिलियम या धातूचे आहेत. तो डोम फुटला तर त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते आणि तसा सुटा भाग सहज मिळतही नाही. अशा जोडीत एक डोम जरी खराब असला तरी तिचा भाव निम्म्याखाली आला असं समजा.

*खालची कड बघा.* ही जागा बहुतेक जण विसरतात. आजचे बहुतेक स्पीकर एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) असतात. वर्षानुवर्षं लादी पुसताना पोछ्याचं पाणी खोक्याच्या बुडाशी लागतं, एमडीएफ फुगतं आणि वरचा पापुद्रा सुटतो. स्पीकर आडवा करून कडेवरून नख फिरवा. उंचवटा किंवा मऊपणा लागला तर ते नीट दुरुस्त होत नाही. जुन्या प्लायवुडच्या खोक्यात वाळवी गेलीय का तेही बघून घ्या.

*पोर्टमध्ये टॉर्च मारा.* झुरळांची अंडी, कुंभारमाशीचं मातीचं घर, मुलांनी टाकलेली खेळणी, असं काहीही सापडतं. आत एखादा स्क्रू सैल पडलेला असेल तर तो कशाचा, हे विचारा.

*खोक्यावर बोटांनी टकटक करा,* वर, बाजूला आणि मागे. भरीव, लगेच थांबणारा आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज रेंगाळला तर गाण्यात तो खोक्याचा स्वर प्रत्येक वाद्यात मिसळणार.

*मल्टिमीटर लावा.* स्पीकरला जोडलेल्या वायरी काढून मागच्या लाल-काळ्या टर्मिनलवर ओहम मोजा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण साडेपाच ते सात, ४ ओहमच्या स्पीकरला तीन ते चार दिसायला हवेत. दोन्ही खोक्यांत आकडा जवळपास सारखा पाहिजे. यात फक्त वूफर तपासला जातो, कारण ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि मीटरचा डीसी प्रवाह तिथे अडतो. ट्वीटर आणि मिडरेंजसाठी हळू आवाजात गाणं लावा, कागदाची सुरळी कानाशी धरा आणि दुसरं टोक एकेका ड्रायव्हरसमोर न्या. बंद पडलेला ड्रायव्हर लगेच सापडतो. ट्वीटर चालू आहे पण एका खोक्यात दुसऱ्यापेक्षा मंद वाटतोय, तर क्रॉसओव्हरमधले (स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणाऱ्या सर्किटमधले) जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळलेले असण्याची शक्यता आहे. ते बदलणं स्वस्तातलं काम आहे.

*सेल टेकवा.* सेलचं अधिक टोक लाल टर्मिनलला, उणे काळ्याला, अगदी क्षणभर. वूफर बाहेर यायला हवा. जेबीएलच्या बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये तो आत जातो, तो दोष नाही. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलतात की नाही, ते महत्त्वाचं. उलटसुलट हलत असतील तर कुणीतरी आत वायरी फिरवल्या आहेत.

शेवटी सिरियल नंबर बघा. दोन्ही जवळपासचे असतील तर जोडी मूळची. खूप लांबचे असतील तर दोन वेगळ्या घरांतून आलेली जोडी असू शकते. ड्रायव्हरपैकी एखादा वेगळ्या कंपनीचा बसवलेला असेल तर 'तसाच वाजतो' यावर विश्वास ठेवू नका. क्रॉसओव्हर मूळ ड्रायव्हरसाठी बनवलेला असतो.

४. वाजवण्याआधी जोडणी सरळ करा

बास, ट्रेबल, लाऊडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर किंवा बंद. खोलीत सबवूफर आहे का, ते स्वतः बघा आणि त्याची वायर काढायला सांगा. एका दुकानात टॉवरचा 'केवढा खाली जाणारा' आवाज मला ऐकवला गेला, तो सोफ्यामागच्या सबवूफरचा निघाला. तुमचा अँप छोटा असेल तर दुकानातल्या महागड्या अँपवर ऐकून निर्णय घेऊ नका.

५. ऐका, पण शिस्तीने

पातळी सारखी करा. दोन जोड्यांची तुलना करायची असेल तर हे सगळ्यात आधी. एक-दोन डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर मोठा वाजतोय असं कळत नाही, तो 'जास्त चांगला' वाटतो. अँपची बटणं तिथेच ठेवून ८६ डेसिबलच्या जोडीवरून ९० च्या जोडीवर गेलात तर दुसरीच जिंकणार, मग ती कशीही असो. पिंक नॉईज लावा, फोन बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरा आणि दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. दुकानदार 'एवढं कोण करतं' म्हणेल. आपण करायचं.

आधी एकच स्पीकर ऐका. अँप मोनोवर टाका किंवा एका स्पीकरची वायर काढा. कॅनडातल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकण्याच्या ज्या चाचण्या घेतल्या, त्यांत हे स्पष्ट दिसलं की स्पीकरचे दोष एकट्या स्पीकरवर जास्त उघडे पडतात. स्टिरिओचा पसारा ते झाकून टाकतो.

पिंक नॉईज. एकट्या स्पीकरवर तो धबधब्यासारखा सपाट, कुठलाही स्वर नसलेला यायला हवा. त्यात 'ऊ' किंवा 'आ' असा रंग जाणवला, नळीतून आल्यासारखा वाटला, तर तोच रंग प्रत्येक गाण्याला लागणार. दोन्ही स्पीकर आलटूनपालटून ऐका. दोघांचा नॉईज वेगळा वाटला तर एकात काहीतरी बिघडलेलं आहे.

बोलणारा माणूस. भारदस्त आवाजाच्या निवेदकाच्या बातम्या लावा. माणसाचं बोलणं आपण जन्मभर ऐकलंय, म्हणून कान इथे फसत नाही. छातीतून घुमल्यासारखा आवाज आला तर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास फुगवटा आहे. 'स' आणि 'श' टोचले तर ट्वीटर तिखट आहे.

तानपुरा. माझ्या मते आपल्या संगीतात याच्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. नुसता तानपुरा चार-पाच मिनिटं लावा. जव्हारीतून सुटणारे वरचे स्वर एकेक करून उमलताना ऐकू आले पाहिजेत, आणि खर्जाच्या तारेनंतर पंचम किंवा मध्यम छेडला तरी खर्जाचा नाद मागे चालू राहिला पाहिजे. वाईट स्पीकरवर चारही तारांचा एक गुंजारव होतो आणि जव्हारी म्हणजे पितळी झांजेसारखी किनार तेवढी उरते. मिडरेंज आणि ट्वीटर जिथे एकमेकांना मिळतात तिथली शिवण तानपुऱ्यावर लपत नाही.

तबला, पखवाज, ढोलकी. डग्ग्यावर घिस्सा घेताना स्वर सलग चढत-उतरत जातो. स्पीकरवरही तो सलग जायला हवा. मध्येच एखाद्या ठिकाणी एकदम मोठा झाला तर ती खोलीची किंवा पोर्टची लहर. पखवाजाच्या थापेनंतर कातड्याचा नाद किती वेळ राहतो ते बघा. रेंगाळतच राहिला तर बास ढिला आहे.

टाळ, सनई, संबळ. इथे ट्वीटरचा कस लागतो. टाळांचा गजर दहा मिनिटं ऐकून कान शिणला तर तो स्पीकर घरी नेऊ नका. दुकानात पहिल्या दोन मिनिटांत 'काय स्पष्ट आहे!' असं वाटायला लावणारी किनार नंतर रोज त्रास देते. तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल तर सोबत एखादा तरुण कान न्या. वरच्या पट्टीतली सळसळ, शिट्टी किंवा खरखर भाचीला ऐकू येईल, तुम्हाला कदाचित येणार नाही.

स्वीप. हळू आवाजात २० ते २०० हर्ट्झ. खोक्याचा थरथराट, पोर्टमधली फूफू आणि सैल टर्मिनल याने पकडली जातात. आवाज वाढवू नका, वूफरला इजा होऊ शकते.

आता दोन्ही स्पीकर. गायकाचा आवाज दोघांच्या बरोबर मध्ये, हवेत उभा राहिला पाहिजे. तो पसरट, दिशाहीन वाटला आणि बासही गेला, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीय. ती बदलून पुन्हा ऐका. उठून दोन पावलं बाजूला व्हा. आवाजाचा पोत तिथे अचानक बदलला तर हा स्पीकर एकाच खुर्चीसाठी आहे, चार माणसं बसून ऐकणाऱ्या घरासाठी नाही.

हळू आवाज. रात्री साडेदहानंतर जेवढा ठेवता तेवढाच ठेवा. शब्द कळतात का? डग्गा ऐकू येतो का? आपल्या इमारतींमध्ये बहुतेक ऐकणं याच पातळीवर होतं, म्हणून मी या चाचणीला सगळ्यात जास्त गुण देतो.

जमलं तर डोळे बांधून ऐका, किंवा सोबत्याला जोड्या बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर लोकांना एकदा बघून आणि एकदा न बघता ऐकायला दिले. बघितल्यावर मोठ्या, देखण्या, महाग स्पीकरना मिळालेले गुण न बघता ऐकल्यावर टिकले नाहीत. ऐकणारे ध्वनीच्या धंद्यातलेच लोक होते. चकचकीत लाकडी पापुद्रा आणि सोनेरी टर्मिनल आपल्या कानांवरही काम करतात.

६. भाव

जुन्या जोडीला मी असा हिशेब लावतो. तसाच आवाज देणारी नवी जोडी आज कितीला मिळते, ते आधी काढा. तेच मॉडेल चालू असेल तर त्याची प्रत्यक्ष विक्रीची किंमत धरा, छापील धरू नका. उत्तम अवस्थेतल्या जोडीला मी त्याच्या निम्म्याच्या वर जात नाही. मग त्यातून दुरुस्ती वजा करा: फोम, कपॅसिटर, तुटलेली टर्मिनलं. समजा नवी जोडी ८०,००० ची आहे, निम्मे ४०,०००, दुरुस्तीवाल्याने ६,००० सांगितले, टेम्पो आणि हमाली २,०००, तर माझी वरची मर्यादा ३२,०००. दुरुस्तीचा आकडा अंदाजाने धरू नका. वूफरचा फोटो पाठवून आधी विचारून घ्या.

'व्हिंटेज' या शब्दाला वेगळे पैसे देऊ नका. ज्याचे सुटे भाग मिळतात, ज्याचे ड्रायव्हर मूळचे आहेत आणि ज्याला उद्या गिऱ्हाईक मिळेल, त्याला पैसे द्या.

नेहमीचे सापळे:

*"शंभर तास वाजवा, मग खुलेल."* नवीन वूफर थोडा सैलावतो हे खरं, पण टोचणारा ट्वीटर त्याने मऊ होत नाही. ही सबब तुमची परत करायची मुदत संपवते. आज आवडला नाही तर घेऊ नका.

*महाग केबल.* चार-पाच मीटरसाठी तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर पुरते. उरलेले पैसे स्पीकरवर घाला.

*"सोबत अँप फुकट."* बाहेरदेशातून आलेला अँप असेल तर मागची पाटी वाचा. जपानचा १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळेल. पॅसिव्ह (आत अँप नसलेल्या) स्पीकरला ही अडचण येत नाही.

*गाडीतले स्पीकर.* अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी: पार्किंगमध्ये व्हॅन थांबवून 'गोदामात जास्तीची जोडी आली, स्वस्तात घ्या' म्हणणारे लोक जुनी ठकबाजी करत असतात. मोठं खोकं, भारी किमतीचं छापील माहितीपत्रक आणि आत हलके ड्रायव्हर. तिथून निघून जा.

*आधी पैसे पाठवा.* ऑनलाइन जाहिरातीतली जोडी प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय टोकन देऊ नका, विकणारा कितीही घाईत असला तरी.

७. घरी आणताना आणि आणल्यावर

एकेक टॉवर २०-२५ किलोचा सहज असतो. दोन माणसं लावा, पोर्टमध्ये हात घालून किंवा पुढच्या बाजूने धरून उचलू नका. टेम्पोत जुन्या गादीवर पाठीवर झोपवा, ड्रायव्हर वर, त्यावर पुठ्ठा, आणि त्यावर दुसरं काहीही ठेवू नका.

घरात दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण झाला पाहिजे. आधी मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर ठेवा आणि डग्ग्याचा तोच घिस्सा लावून चार-चार बोटं पुढेमागे सरकवत जा. बास जिथे सैल न होता भरलेला वाटेल तिथे थांबा. मग आतल्या बाजूला थोडे वळवून गायक मध्ये येतो का ते बघा. तुमची पाठ भिंतीला टेकलेली असेल तर बास फुगणारच. बैठक फूटभर पुढे ओढली तरी फरक पडतो. टाइल्सच्या जमिनीवर स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरा, पडदे सोडा, एका बाजूला पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम. स्पाइक (स्पीकरखालचे टोकदार पाय) थेट टाइल्सवर ठेवू नका, खाली धातूच्या चकत्या द्या. त्याने खोकं जमिनीपासून उचललेलंही राहतं आणि लादी पुसताना पाणी लागत नाही.

छोटा अँप शेवटपर्यंत पिरगाळून वाजवू नका. त्याची ताकद संपली की आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजातली वरच्या पट्टीची जास्तीची ऊर्जा ट्वीटर जाळते. बरेच ट्वीटर मोठ्या अँपपेक्षा अशा ओढाताणीनेच जातात.

नवी जोडी असेल तर पहिल्याच आठवड्यात पिंक नॉईज, स्वीप आणि कागदाची सुरळी ही तिन्ही कामं घरी पुन्हा करा, म्हणजे दोष बदलून घ्यायच्या मुदतीत सापडेल. मूळ पॅकिंगचं खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. बऱ्याच कंपन्या दुरुस्तीला पाठवताना तेच मागतात, आणि पुढे विकायची वेळ आली तर खोक्यासकट असलेल्या जोडीला चार पैसे जास्त मिळतात.